आणखी किती संधी द्यायच्या?

दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या बाजारात मुरलेलं गिऱ्हाईक आधी भाव विचारत नाही. ते कपडा उलटा करून बघतं. एक्सपोर्टचा उरलेला माल म्हटला की कुठे ना कुठे खोट असायचीच. ती कुठे आहे, एवढंच बघायचं. शिवण उसवली असेल तर शिंप्याकडे दहा मिनिटांचं काम. कापडच विरलं असेल तर दीडशे रुपयेसुद्धा पाण्यात. ही नजर इथल्या सरकारी क्वार्टर्समध्ये बदलीवर आलेल्या मराठी घरांतही दोन-तीन रविवारांत तयार होते. मात्र त्याच बाजारात, हँगरवर लटकलेल्या क्रिकेटच्या जर्सीसमोर क्रिकेटचा विषय निघाला की हीच माणसं दोनच वाक्यं बोलतात. "हाकला त्याला", नाहीतर "अहो, पोरगा आहे, वेळ द्या". कपडा उलटा करायचं तेव्हा कोणाला सुचत नाही.

अमेरिकेत हा वाद क्वार्टरबॅकवरून पेटतो. तिथल्या फुटबॉलमध्ये जवळजवळ प्रत्येक डाव ज्याच्या हातातून सुरू होतो तो खेळाडू म्हणजे क्वार्टरबॅक. तो तरुण असेल आणि चाचपडत असेल, तर सगळं शहर सल्ले द्यायला बसतं. आपल्याकडे ती जागा सलामीवीराची, नाहीतर यष्टिरक्षकाची. दिल्लीकर मराठी माणसाला तर दूर जायलाच नको: विरारचा पृथ्वी शॉ 2018 ते 2024 अशी सात वर्षं दिल्लीच्याच आयपीएल संघातून खेळला. त्याला ठेवायचं की सोडायचं, यावर या काळात जे जे बोललं गेलं त्यात तरुण खेळाडूंविषयीचे बहुतेक सगळे गैरसमज सापडतात.

"तीन डावांत कळतं पाणी किती खोल आहे"

नाही कळत. ऋतुराज गायकवाडचं 2020 आठवा. चेन्नईचा नवा फलंदाज, हंगामाच्या तोंडावर कोरोना होऊन गेलेला, आणि पहिल्या तीन डावांतल्या धावा 0, 5 आणि 0. त्याच दिवसांत धोनी म्हणून गेला की तरुणांमध्ये ती ठिणगी दिसली नाही, आणि त्यावर देशभर चेष्टा झाली. पुढच्या तीन सामन्यांत पुण्याच्या या मुलाने नाबाद 65, 72 आणि नाबाद 62 धावा केल्या. 2021 मध्ये 635 धावा काढून सर्वाधिक धावांची ऑरेंज कॅप त्यानेच मिळवली, आणि 2024 मध्ये चेन्नईचं कर्णधारपद त्याच्याकडे आलं.

यात चमत्कार नाही, हिशेब आहे. समजा एखादा सलामीवीर दर दहा डावांपैकी चार वेळा दहाच्या आत बाद होतो. ट्वेंटी-20 मध्ये हे काही वाईट नाही. पहिल्या चेंडूपासून मारायचं म्हटल्यावर असं होणारच. अशा फलंदाजाचे 14 डावांचे शंभर हंगाम मांडले, तर त्यातल्या साधारण 43 हंगामांत तो कधी ना कधी ओळीने तीनदा दहाच्या आत बाद झालेला दिसेल. त्याचा फॉर्म गेलेला नसेल, तंत्र बिघडलेलं नसेल. नाणं तीनदा एकाच बाजूने पडलं, एवढंच. टीव्हीवर मात्र त्या तीन डावांवर तीन रात्री चर्चा रंगते.

"गुणवत्ता आहे ना, मग खेळवत राहा, येईल आपोआप"

पहिल्या गैरसमजापासून पळालेली माणसं या दुसऱ्यात येऊन पडतात. धीर धरणं हा मोठेपणा वाटत असल्यामुळे तो लवकर ओळखूही येत नाही.

शॉच्या गुणवत्तेवर कोणाचाच वाद नव्हता. 2013 मध्ये हॅरिस शील्डच्या शालेय सामन्यात रिझवी स्प्रिंगफील्डकडून 546 धावा. 2018 मध्ये 19 वर्षांखालील विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघाचा कर्णधार. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राजकोटला वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटी पदार्पणात 134. तेव्हा त्याचं वय 18 होतं. या शिदोरीवर दिल्लीने त्याला खेळवलं, आणि भरपूर खेळवलं. सात हंगामांत 79 सामने, 1892 धावा. हंगामवार धावा अशा: 245, 353, 228, 479, 283, 106, 198. चौथ्या हंगामात टोक, मग उतार. संधी मिळाली नाही, ही तक्रार इथे करताच येत नाही.

खोट नेमकी कुठे होती, हे एका चेंडूवर दिसलं. 17 डिसेंबर 2020, ॲडलेड, गुलाबी चेंडूची कसोटी. समालोचन करत होता रिकी पाँटिंग, म्हणजे दिल्लीचा तेव्हाचा प्रशिक्षक, शॉला नेटमध्ये महिनोन् महिने पाहिलेला माणूस. आत येणारा चेंडू शॉला जड जातो, बॅट आणि पॅड यांच्यामध्ये तो मोठी फट ठेवतो, असं पाँटिंग प्रेक्षकांना सांगत होता. बोलणं पुरतं संपलंही नाही तोच मिचेल स्टार्कचा सामन्यातला दुसरा चेंडू आत आला, बॅटची आतली कड घेऊन त्याच फटीतून गेला आणि यष्ट्या विखुरल्या. शून्य. दुसऱ्या डावात पॅट कमिन्सने पुन्हा त्रिफळा उडवला, तेव्हा धावा 4. त्या डावात सगळा भारतीय संघच 36 धावांत गुंडाळला गेला, ही गोष्ट वेगळी.

दोष ठाऊक होता. प्रशिक्षकाला होता, गोलंदाजांना होता, घरी बसून सामना बघणाऱ्यांनाही होता. मग आणखी दहा डाव दिल्याने तो कसा जाईल? सामना ही परीक्षा आहे, शिकवणी नव्हे. नेमकी इथेच पाँटिंगने पुढे जाहीरपणे सांगितलेली एक गोष्ट महत्त्वाची ठरते: 2020 च्या हंगामात धावा आटल्या की शॉ नेटमध्ये फलंदाजी करायलाच तयार नसायचा, धावा होत असल्या की मात्र नेट सोडायचं नाव घ्यायचा नाही. विशीतल्या मुलाची स्वतःबद्दलची एक समजूत होती ती, आणि पाँटिंगला ती पटणारी नव्हती. संघाने किती संधी दिल्या हे मोजायला सोपं. त्या संधींच्या मधल्या दिवसांत कुठला टाका घातला गेला, हे स्कोअरकार्डवर दिसत नाही.

नेटमधलं काम झालं तेव्हा फरक पडला, आणि लगेच पडला. ॲडलेडहून परतल्यावर शॉ माजी कसोटीपटू प्रवीण आमरे यांच्याबरोबर बसला. बॅट बाहेरून फिरून न येता शरीराजवळून कशी खाली येईल, यावर घाम गाळला. त्या हंगामातल्या विजय हजारे करंडकात त्याने 827 धावा केल्या, त्यात पुदुच्चेरीविरुद्ध नाबाद 227. मग आयपीएल, आणि 29 एप्रिल 2021 ची ती रात्र: अहमदाबादला शिवम मावीच्या पहिल्याच षटकात सहा चेंडूंना सहा चौकार.

मग पुढे गाडं कुठे अडलं? पुष्कळ लोक इथे 2023 चं वर्ष पुढे करतात, आणि ते वर्ष खरंच बुचकळ्यात टाकणारं आहे. जानेवारीत गुवाहाटीला आसामविरुद्ध रणजीत 379 धावा. भाऊसाहेब निंबाळकरांच्या 1948 मधल्या नाबाद 443 नंतरची रणजीतली सर्वांत मोठी खेळी. ऑगस्टमध्ये इंग्लंडात नॉर्दॅम्प्टनशायरकडून एकदिवसीय सामन्यात 153 चेंडूंत 244. आणि या दोन शिखरांच्या मधल्या आयपीएलमध्ये आठ सामन्यांत मिळून 106. एकच माणूस, एकच वर्ष. याचा सरळ अर्थ असा की "तो चांगला की वाईट" हा प्रश्नच चुकीचा पडतो. आयपीएलच्या पहिल्या सहा षटकांत ताज्या दमाचे वेगवान गोलंदाज त्याच्या व्हिडिओचा अभ्यास करून येतात आणि बरगडीकडे येणारा आखूड चेंडू किंवा आत येणारा चेंडू, एवढंच टाकत राहतात. तिथे फटीची किंमत दर चेंडूला मोजावी लागते.

"एकदा काढला की पोरगा संपला"

ॲडलेडनंतरच्या मेलबर्न कसोटीसाठी भारताने चार बदल केले. एकाच यादीतून शॉ बाहेर गेला आणि यष्टिरक्षक ऋषभ पंत आत आला, तो वृद्धिमान साहाच्या जागी.  गंमत अशी की तोवर "काढा त्याला" हे वाक्य शॉपेक्षा पंतबद्दलच जास्त वेळा बोललं गेलं होतं.

पंतची गोष्ट तर सरोजिनी नगरच्या शेजारचीच. मेट्रोच्या पिंक लाइनवर इथून दुसरं स्थानक मोतीबाग; तिथल्या गुरुद्वारात रुडकीहून आलेले हे माय-लेक सुरुवातीच्या दिवसांत राहिले होते. तिसरं स्थानक साउथ कॅम्पस, ज्याला दुर्गाबाई देशमुखांचं, म्हणजे आपल्या सी. डी. देशमुखांच्या पत्नीचं नाव आहे. तिथून जवळच व्यंकटेश्वर कॉलेजच्या मैदानावर तारक सिन्हांचा सॉनेट क्लब चालायचा, आणि पंत तिथे घडला.

3 नोव्हेंबर 2019 ला याच शहरात, कोटलावर, धुरकट हवेत भारत बांगलादेशाकडून ट्वेंटी-20 सामना पहिल्यांदा हरला. रिव्ह्यूच्या गोंधळाचं खापर पंतवर फुटलं. त्यानंतर मैदानामैदानांतून त्याच्या चुकीवर "धोनी, धोनी" चा घोष व्हायचा. जानेवारी 2020 मध्ये डोक्याला चेंडू लागून तो बसला, ग्लोव्हज के. एल. राहुलकडे गेले, आणि वर्षअखेरीच्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात मर्यादित षटकांच्या दोन्ही संघांत पंत नव्हता. कसोटीच्या चमूत मात्र होता. हा तपशील सहसा विसरला जातो: निवड समितीने त्याला "ठेवलं"ही आणि "काढलं"ही. जिथे तो अडत होता तिथून बाजूला केलं, जिथे त्याचा खेळ बसत होता तिथे हाताशी राखलं. सिडनीत 97, आणि 19 जानेवारी 2021 ला ब्रिस्बेनला 328 चा पाठलाग करताना नाबाद 89.

तेव्हा वगळणं म्हणजे फाशी नव्हे. पण ते औषधही नव्हे, आणि याचा सर्वांत चोख साक्षीदार शॉच्या शेजारीच नेटमध्ये उभा होता. प्रवीण आमरे यांनी 1992 मध्ये डर्बनला कसोटी पदार्पणात शतक केलं. 11 कसोटींत 42.50 ची सरासरी. आणि मग वयाच्या पंचविशीतच कसोटी संपली. शॉनेही पदार्पणात शतक केलं. पाच कसोटींत सरासरी 42.37. मेलबर्नसाठी नाव कापलं गेल्यानंतर तो एकही कसोटी खेळलेला नाही. शुभमन गिल त्याच्या जागी आला आणि ब्रिस्बेनला 91 करून बसला. बाहेर बसलेल्याचं खेळणं सुधारलं तरी दार उघडं राहीलच असं नाही, कारण दारात दुसरा कोणीतरी उभा असतो. चाहत्यांच्या वादात हा दुसरा कधीच नसतो. संघाच्या बैठकीत तो सर्वांत आधी येतो.

"जागा बदलली की नशीब बदलतं"

अमेरिकेतून या समजुतीला अधूनमधून खतपाणी मिळतं. क्वार्टरबॅक सॅम डार्नल्डला न्यूयॉर्क जेट्सने 2018 च्या नवोदितांच्या निवडीत तिसऱ्या क्रमांकावर घेतलं आणि तीन वर्षांत सोडलं. कॅरोलायनातही जमलं नाही. 2023 मध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोत राखीव म्हणून बसला, आणि 2024 मध्ये मिनेसोटाने त्याच्यासह 17 पैकी 14 सामने जिंकले. सांगणारे मधलं राखीव वर्ष गाळतात. आणि जामार्कस रसेलचं नाव तर घेतच नाहीत: 2007 मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेला, ओकलंडने 2010 मध्ये सोडला, त्यानंतर लीगमध्ये एकही सामना नाही.

"एवढे पैसे घातलेत, आता कसं सोडायचं?"

यावर जास्त बोलण्यासारखं नाही. दिल्लीने 2022 च्या आधी शॉला साडेसात कोटींना राखलं. गेलेले पैसे त्याला खेळवूनही परत येत नाहीत आणि बसवूनही नाहीत. 2024 च्या शेवटी संघाने त्याला सोडलं तेव्हा हे दिल्लीला कळलेलं होतं. त्या नोव्हेंबरात जेद्दाच्या लिलावात 75 लाखांच्या मूळ किमतीलाही कोणी हात वर केला नाही. डिसेंबर 2025 च्या लिलावातही सुरुवातीला तेच झालं, आणि शेवटच्या फेरीत बोली लागली ती दिल्लीचीच. 75 लाख. बरोबर दहावा हिस्सा. या भावात चूक पचवता येते, आणि साडेसात कोटींना तीच चूक संघाचं वर्ष खाते. म्हणून एकाच खेळाडूला सोडण्याचा आणि परत घेण्याचा, असे दोन्ही निर्णय बरोबर असू शकतात.

मधल्या वर्षात शॉ मुंबई सोडून महाराष्ट्राकडे गेला होता. ऑक्टोबर 2024 मध्ये मुंबईने त्याला रणजी संघातून वगळलं होतं. बरोबर वर्षाने तो महाराष्ट्राकडून रणजी खेळायला उतरला. तिरुवनंतपुरमला केरळविरुद्धच्या पहिल्या डावात शून्य, दुसऱ्यात 75. पुढचा सामना चंडीगडला. तिथे दुसऱ्या डावात त्याने 141 चेंडूंत द्विशतक गाठलं आणि 156 चेंडूंत 222 करून परतला. त्याच सामन्याच्या पहिल्या डावात तो 8 वर बाद झाला होता, आणि शतक ठोकलं होतं ऋतुराज गायकवाडने.