शाळेचे छत आणि विजेचे बिल

गणवेशाचे कापड घेऊन आम्ही उरण तालुक्यात वर्षानुवर्षे जात आहोत. थेट करंजाच्या बंदरापर्यंत आमची गिऱ्हाइके आहेत. वाटेत बोकडवीऱ्याचे वायू विद्युत केंद्र लागते. १९८२ पासूनचे हे जुने केंद्र. गेल्या पावसाळ्यात त्याच भागातील एका शाळेत गेलो, तर भर दुपारी पंखे बंद. बिल थकले म्हणून वीज तोडलेली!

वाचक बंधूंनो, आमच्या दुकानाला विजेची खरी गरज दिवेलागणीनंतर. शाळेला ती ऊन असतानाच. म्हणून छतावरची सौरवीज शाळेला अधिक मानवते. एका किलोवॅटला सुमारे शंभर चौरस फूट छत लागते आणि वर्षाची सरासरी काढली तर रोज चारेक युनिट मिळतात. मे महिन्यात ऊन कडक, पण शाळा बंद. नेट मीटर असेल तर ती वीज वाया जात नाही. राज्य वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या नियमांनी उरलेले युनिट मार्चअखेरपर्यंत पुढील बिलांत वळते होतात. मेची बचत जुलैच्या ढगाळ दिवसांत कामी येते.

मात्र करंजासारख्या ठिकाणची खारी हवा लोखंड खाते. सांगाड्याला जस्ताचा जाड मुलामा आहे की नुसता रंग, हे कोटेशन घेतानाच विचारावे. असे सांगाडे बनविणारे वेल्डर आणि वायरमन आपल्या बिरादरीत कमी नाहीत.

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच पर्यावरण हा विषय शाळांत सक्तीचा करण्यास सांगितले. मुले तो पाठ करतात, मार्क मिळवतात आणि विसरतात. २ ऑक्टोबर २०१८ रोजी मुंबईच्या आयआयटीत हजारो विद्यार्थ्यांनी सौर दिवे स्वतः जोडले. मग आपल्या नववी-दहावीच्या मुलामुलींना शाळेचे छत मोजता येणार नाही? बारा महिन्यांची बिले मांडता येणार नाहीत? २०२० पासूनच्या ‘माझी वसुंधरा’ अभियानात ऊर्जेच्या कामाचे गुण ग्रामपंचायतीला मिळतात, म्हणजे पंचायतीलाही यात रस आहे. ग्रामसभेत मुलांना मत नाही, बाप-चुलत्यांना आहे. मुलांनी अर्ज लिहावा, आपण तो सभेत वाचून ठराव मागावा.

एक अडचण आहे. थकबाकीदार ग्राहकाला नेट मीटर मिळत नाही. त्या शाळेची बाकी आम्ही विचारली. ईदच्या हंगामात दोन-तीन दुकानांनी मनावर घेतले तर फिटेल, एवढीच ती होती.