पाऊस त्यांचा, पाणी कुणाचं?

देवळाली कॅम्पाजवळून वाहणारी दारणा पूर्वेला जाऊन गोदावरीला मिळते. १९१६ साली पुऱ्या झालेल्या दारणा धरणाच्या पाण्यावर खाली कोपरगाव-राहात्यापर्यंत ऊस उभा राहिला. याच नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, पेठ आणि सुरगाणा तालुक्यांत, नद्या उलट्या दिशेनं उतरतात. नार, पार आणि दमणगंगा घाट उतरून गुजरातेत शिरतात आणि अरबी समुद्र गाठतात.

पेठला वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. नाशिक शहरात त्याच्या निम्माही नाही. तरीही मार्च उलटला की पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर बायका हंडे घेऊन झिऱ्याची वाट धरतात. काळ्या कातळावर मातीचा थर पातळ आणि उतार उभा, त्यामुळे पाणी जिरत नाही. शिवाय ते अडवणारे बंधारेही मोजकेच.

हा मुलूख कोकणा, महादेव कोळी, वारली आणि भिल्ल समाजांचा. पेठ आणि सुरगाणा ही दोन्ही पूर्वी छोटी संस्थानं होती. १८५७ च्या डिसेंबरात हरसूलचा बाजार बंडखोरांनी लुटला, तेव्हा पेठच्या राजघराण्यातल्या भगवंतरावांना इंग्रजांनी फाशी दिली. १८७८ मध्ये पेठ खालसा झालं. सुरगाणा मात्र १९४८ पर्यंत संस्थानच राहिलं. शेजारच्या डांगचं सागाचं जंगल जहाजबांधणीसाठी इंग्रजांनी १८४२ मध्येच पट्ट्यानं घेतलं होतं. १ मे १९६० ला डांग गुजरातेत गेला आणि नात्यागोत्याच्या गावांमधून राज्याची सीमा गेली. सोयरीक आणि आठवडे बाजार मात्र आजही सीमेच्या दोन्ही बाजूंना चालतात.

इथली शेती राबावर चालते. उन्हाळ्यात फांद्या, पालापाचोळा आणि शेण थरावर थर रचून भाजतात. पहिल्या पावसात त्या राखेत नागली-भाताचं बी पेरतात आणि रोपं हातभर झाली की आवणी सुरू होते. पाऊस सरता सरता उडीद आणि खुरासणी हाताशी येतात. अश्विनातल्या वाघबारशीला वाघदेवाची पूजा होते. गुरं राखणाऱ्यांची दिवाळी इथूनच सुरू होते.

भात झोडून कणगीत पडला की गावं रिकामी होऊ लागतात. दिंडोरी-निफाडला ऑक्टोबरच्या गोडी छाटणीपासून द्राक्षबागांना माणसं लागतात, ती थेट काढणीपर्यंत. गिरणारेच्या मजूर बाजारात सकाळी टोळ्या उभ्या असतात. रोज ठरतो आणि पिकअप भरून बागांकडे निघतात. परदेशी जाणाऱ्या नाशिकच्या द्राक्षांमागे याच तालुक्यांचे हात आहेत. अलीकडे बोरगाव-घोडांबे पट्ट्यात स्ट्रॉबेरी रुजली आहे. सापुताऱ्याच्या पर्यटकांमुळे तिला रस्त्यावरच गिऱ्हाईक मिळतं. जिथं हिवाळ्यात पाणी टिकलं, तिथं माणूस गावात राहिला, हे त्या शेतांनी दाखवून दिलं आहे.

म्हणूनच इथलं पाणी बाहेर नेण्याचे मोठे आराखडे निघाले की इथं धडकी भरते. पार-तापी-नर्मदा जोड प्रकल्पात पेठ तालुक्यात पार नदीवर झरी धरण योजलं होतं. आदिवासींच्या विरोधानंतर २०२२ मध्ये तो प्रकल्प मागे घेतल्याची घोषणा झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस सुरगाण्याच्या सीमेवरल्या काही गावांनी रस्ते, दवाखाने आणि पाणी मिळत नसेल तर आम्हाला गुजरातेत घाला, असं सरकारला कळवलं. त्याआधी, मार्च २०१८ मध्ये, याच भागातली हजारो माणसं कसत असलेल्या वनजमिनीचे हक्क मागत नाशिकहून मुंबईपर्यंत पायी गेली होती. २००६ च्या वनहक्क कायद्यानं दिलेला अधिकार त्यांना सातबाऱ्यावर हवा होता.

हा भाग मागास आहे, असं म्हणून आपण सहज मोकळे होतो. खरं तर इथून साग गेला, पाणी जातं आणि दरसाल माणसंही जातात. बागांना मजूर पुरवणाऱ्या तालुक्यांना आधी प्यायचं पाणी मिळायला हवं. डोंगरमाथ्यावर लहान बंधारे, हातात वनपट्टा आणि नदीविषयी काहीही ठरवण्याआधी ग्रामसभेचा होकार, या तीन गोष्टी म्हणजे मेहेरबानी नव्हे. त्या आजवर थकलेली बाकी आहेत. ती फेडण्याची जबाबदारी सरकारइतकीच नाशिकच्या मैदानातल्या आपल्यासारख्यांचीही आहे.