पाण्याने उभा केलेला खेळाडू

पाय मोडतो, यथाकाल प्लास्टर निघते, हाडही जुळते. पण रुग्ण काही खाटेवरून उठत नाही. ‘हा पाय आता कामातून गेला’ असे त्याने मनाशी ठरवूनच टाकलेले असते. अशांना सचिन नाग या खेळाडूची हकिगत सांगावीशी वाटते.

नाग यांचा जन्म १९२० साली वाराणसीत झाला. गंगेच्या पाण्यात ते पोहायला शिकले व पुढे कलकत्त्यात नावारूपास आले. १९४७ साली तेथील दंगलीत त्यांच्या पायात गोळी घुसली. पाय पूर्ववत होण्यास दोन वर्षे लागतील, असे डॉक्टरांचे मत पडले. नाग मात्र पुन्हा पाण्यात उतरले आणि १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये वॉटरपोलो खेळले.

या खेळात दोन्ही बाजूंचे सात-सात खेळाडू असतात. तळाला पाय टेकायचा नाही; सतत पाय मारत तरंगायचे आणि एका हाताने चेंडू फेकायचा. असा हा दमछाक करणारा खेळ! त्यात भारताने चिलीला ७-४ असे हरवले, त्यांतील चार गोल नाग यांचे होते. १९५१ च्या दिल्लीतील पहिल्या आशियाई स्पर्धेत १०० मीटर पोहण्याचे सुवर्णपदकही त्यांनीच मिळवले.

आपल्या सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांचेही तसेच. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे पाय लुळे पडले. उपचार म्हणून पोहणे सुरू झाले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथे अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी सुवर्णपदक जिंकले.

हे कसे घडते? कमरेइतक्या पाण्यात पायांवरचा भार निम्म्यावर येतो, छातीइतक्या पाण्यात जेमतेम तिसरा हिस्सा उरतो. त्यामुळे दुखरा सांधा फारशा वेदनेविना हलतो, शिवाय पाण्याच्या विरोधामुळे स्नायू बळकट होतात.

नसरापूर, भोर, वेल्हे भागात मुले उन्हाळ्यात पाठीला डबा किंवा भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकतात. ही चांगली सवय मोडू नये. मात्र काही पथ्ये पाळावीत. जखम ओली असताना पाण्यात उतरू नये. फिट्स येणाऱ्यांनी व हृदयरोग्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. एकट्याने पोहू नये. पावसाळ्यात शिवगंगा, गुंजवणीच्या पुरापासून दूर राहावे. खोली ठाऊक नसलेल्या पाण्यात डोक्यावर सूर मारू नये. मानेचे हाड मोडले तर माणूस जन्माचा पांगळा होतो.

प्लास्टर निघाले म्हणजे उपचार संपले असे नव्हे. खरी मेहनत त्यानंतरच सुरू होते, आणि ती रुग्णानेच करायची असते.