मॅरेथॉनमधला ‘पीबी’ सुरुवातीलाच का हुकतो?

‘पीबी’ म्हणजे पर्सनल बेस्ट, आपली आजवरची सर्वोत्तम वेळ. मुंबई मॅरेथॉनचं ४२.१९५ किलोमीटरचं अंतर चार तासांत संपवायचं तर किलोमीटरला साधारण ५ मिनिटं ४१ सेकंद हा वेग हवा. पण पहाटेचा गारवा, रस्त्याकडेचा जल्लोष, ताजे पाय... अनेक जण ५:१५ नेच सुटतात. घोटाळा होतो तो इथेच.

वेग वाढला की शरीर चरबीपेक्षा ग्लायकोजेन, म्हणजे स्नायू आणि यकृतात साठवलेली साखर, जास्त जाळतं. हा साठा मर्यादित. तो बहुतेकांचा ३० किलोमीटरनंतर संपत येतो आणि पाय शिशासारखे जड होतात. मुंबईत तर नेमका त्यानंतर पेडर रोडचा चढ येतो, तोही ऊन वर आल्यावर. सुरुवातीला कमावलेली दोन मिनिटं तिथे व्याजासकट जातात.

केनियाच्या केल्विन किपटमने २०२३ मध्ये शिकागोत २ तास ३५ सेकंदांचा विश्वविक्रम केला. त्यात पहिलं अर्धं अंतर त्याने ६०:४८ मध्ये कापलं, दुसरं ५९:४७ मध्ये! तेव्हा पहिले काही किलोमीटर ठरवलेल्या वेगापेक्षा पाच-दहा सेकंद सावकाशच धावा. लोक पुढे जातील, जाऊ द्या. त्यातले बरेच पेडर रोडवर चालताना भेटतील.