विद्यापीठातले शिकाऊ उमेदवार

वर्षाला ३० लाख पौंडांहून अधिक पगारखर्च असलेल्या इंग्लंडमधल्या विद्यापीठांना एप्रिल २०१७ पासून शिकाऊ उमेदवारीसाठी अर्धा टक्का कर भरावा लागतो. मग त्याच पैशातून प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ, कचेरीतले कर्मचारी, अगदी नवे प्राध्यापकसुद्धा पगारी नोकरीत राहून शिकू लागले. कामाचे तास बुडतात ही कुरकुर खरीच. पण उपकरणावर हात बसतो तो उपकरणापाशीच, आणि तयार तंत्रज्ञ बाहेर मिळेलच असं नाही. दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे: पीएच.डी. झालेल्यांना हा निधी कशाला? तो मला पटतो. जानेवारी २०२६ पासून सरकारनेही पदव्युत्तर पातळीच्या उमेदवारीचा निधी मुख्यतः २२ वर्षांखालच्यांपुरता ठेवला. प्राध्यापकांना विद्यापीठांनी स्वखर्चाने शिकवावं. योजनेवर पहिला हक्क तंत्रज्ञांचा.