कोसा : पुरुषांच्या कपाटातले वैदर्भी रेशीम

कोसा म्हणजे टसर रेशीम. त्याची अळी ऐन व अर्जुनाच्या पानांवर वाढते. कीटकपालन परंपरेने ढिवर समाजाकडे. विणकरांचे आंधळगाव भंडारा जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यात.

• रंग : न रंगवलेला कोसा मधाळ ते बदामी.
• करवतकाठी : काठावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी.
• बंदगळा कोट : उभी कॉलर, गळ्यापर्यंत बटणे, पूर्ण बाह्या; टाय लागत नाही. नेहरू जॅकेटचा गळा तसाच, पण बाह्या नसतात.
• माप : कोटाच्या खांद्याची शिवण हाडाच्या टोकावर संपावी. बाही, लांबी नंतरही कमी करता येते. खांदा दुरुस्त करणे शिंप्यालाही अवघड.
• निगा : थंड पाणी, सौम्य साबण, सावलीत वाळवण, इस्त्री उलट बाजूने.