पाव इंचाची माया

‘बेअर्स पॉ’ म्हणजे अस्वलाचा पंजा. अमेरिकन क्विल्टमधला हा जुना आणि आजही हौसेने शिवला जाणारा ब्लॉक. मधोमध एक छोटा चौकोन, त्याच्या चारी बाजूंना एकेक पट्टी आणि चार कोपऱ्यांत चार पंजे. प्रत्येक पंजात एक मोठा चौकोन, त्याच्या दोन बाजूंना मिळून चार टोकदार नख्या आणि नख्यांच्या कोनात एक छोटा चौकोन. रूथ फिनली यांच्या १९२९ सालच्या पुस्तकात या नमुन्याची आणखी नावे नोंदलेली आहेत: लाँग आयलंडवर ‘चिखलातले बदकाचे पाऊल’, फिलाडेल्फियाच्या क्वेकर मंडळींत ‘मैत्रीचा हात’. नाव मुलखागणिक बदलले, माप घरागणिक. आतली मांडणी मात्र तीच राहिली: आडवी सात घरे, उभी सात घरे.

बहुतेक पारंपरिक ब्लॉकांच्या पोटात अशी चौकटीची वही दडलेली असते. ‘ओहायो स्टार’ तीन बाय तीन घरांचा, ‘सॉटूथ स्टार’ चार बाय चार, ‘सिस्टर्स चॉइस’ पाच बाय पाच. ‘कॅन्सस सिटी स्टार’ हे वृत्तपत्र १९२८ पासून १९६१ पर्यंत असे नमुने छापत होते. बार्बरा ब्रॅकमन यांनी १९९३ च्या कोशात चार हजारांहून अधिक नमुने लावून ठेवले. एवढ्या पसाऱ्यात हवा तो ब्लॉक हव्या त्या मापात शिवायचा, तर आधी घरे मोजायची.

बारा इंचांचा ब्लॉक क्विल्टवाल्यांच्या अंगवळणी पडलेला. बाराला तीनने भागा, चारने भागा, हिशेब सरळ येतो. सातने भागले की पट्टीवर न सापडणारे माप हाती लागते. म्हणून ‘बेअर्स पॉ’ चौदा इंचांचा करतात, किंवा साडेदहाचा. चौदाला प्रत्येक घर दोन इंचांचे, साडेदहाला दीड इंचाचे. त्यात शिवणीची माया मिळवायची: प्रत्येक कडेला पाव इंच, म्हणजे लांबीत अर्धा आणि रुंदीत अर्धा. चौदा इंची ब्लॉकसाठी छोटा चौकोन अडीच इंचांचा कापायचा, मोठा साडेचारचा, पट्टी अडीच बाय साडेसहाची.

नखीचे गणित जरा तिरके. एक फिका आणि एक गडद चौकोन सुलट बाजू आत घेऊन एकमेकांवर ठेवतात, कर्ण आखतात, त्याच्या दोन्ही अंगांना पाव इंचावर शिलाई मारतात आणि कर्णावर कापतात. उघडून इस्त्री केली की दोन रंगांचे दोन जोडचौकोन तयार. हे चौकोन कापताना घराच्या मापात अर्धा नव्हे, सात अष्टमांश इंच वाढवावा लागतो. तिरक्या शिवणीमुळे त्रिकोणाची माया टोकाशी लांबत जाते. नेमका हिशेब ०.८५ इंच येतो आणि पट्टीवर त्याच्या लगतची वरची खूण ०.८७५ ची असते. तेव्हा दोन इंची नखीसाठी चौकोन २ ७/८ इंचांचा.

आता हाच ब्लॉक सात इंचांचा हवा आहे. सगळी कापायची मापे निम्मी केली तर? मोठा चौकोन सव्वादोनचा कापला जाईल आणि शिवल्यावर पावणेदोनचा उरेल. नखीचा चौकोन १ ७/१६ चा होईल आणि शिवल्यावर जेमतेम ९/१६ इंच उरेल. मोठ्या चौकोनाच्या एका बाजूला दोन नख्या लागतात. त्या दोन्ही मिळून सव्वा इंचालाही पोचत नाहीत. पंजा जुळणारच नाही. कारण ब्लॉक लहान झाला तरी मायेला पाव इंचच लागतो. ती निम्मी केली तर शिवण उसवण्याची भीती. म्हणून निम्मे करायचे ते घर: एक इंच. माया त्यानंतर मिळवायची. छोटा चौकोन दीडचा, मोठा अडीचचा, नखीसाठी १ ७/८.

मशिनवर हीच शिस्त. शिलाई दर वेळी सोळांश इंच जास्त आत गेली, तर एका शिवणीमागे दोन तुकड्यांचा मिळून अष्टमांश इंच जातो. ‘ओहायो स्टार’च्या आडव्या रांगेत दोनच जोड, तिथे पाव इंच कमी भरतो. ‘बेअर्स पॉ’च्या नख्यांच्या रांगेत सहा जोड, तिथे पाऊण इंच, मोठ्या चौकोनांच्या रांगेत चार, तिथे अर्धा. एकाच ब्लॉकच्या दोन रांगा कमी-जास्त आखडतात आणि कापडाला झोळ येतो. १९७९ साली जपानच्या ओल्फा कंपनीने फिरत्या पात्याची कातर आणली, तेव्हापासून पुठ्ठ्याच्या साच्यांचे काम बरेच कमी झाले. कापणे चोख झाले, पण शिवणीची जबाबदारी हातावरच राहिली.

अमेरिकेतले सगळेच ठिगळकाम असे मोजून-मापून होत नाही. अलाबामातल्या जीज बेंडच्या कृष्णवर्णीय बायकांनी कामाच्या जुन्या कपड्यांतून, डोळ्यांच्या अंदाजाने क्विल्ट शिवले. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात त्यांचे प्रदर्शन भरले, तेव्हा जगाने ते पाहिले. आपली गोधडीही याच वळणाची. जुन्या लुगड्यांचे थर अंथरायचे, फाटक्या जागी ठिगळ ठेवायचे आणि धावदोरा घालत जायचे. कापड जेवढे, तेवढी गोधडी.

ब्लॉकची गोष्ट निराळी, कारण तो सुटा शिवतात आणि नंतर शेजाऱ्याला जोडतात. १८४० च्या दशकात अमेरिकेत मैत्री-क्विल्टची लाट आली. मैत्रिणी आणि नातलग बायका एकेक ब्लॉक शिवून त्यावर आपले नाव घालत, मग सगळे ब्लॉक एका क्विल्टमध्ये येत. दहा जणींचे काम एका रांगेत बसवायचे, तर प्रत्येकीचा ब्लॉक सारख्याच मापाचा भरायला हवा. कापड जिचे तिचे, रंगाची आवड जिची तिची. पाव इंच मात्र सगळ्यांनी मिळून ठरवलेला.